सासऱ्याचं डोकं

झारिया शहराच्या दोका नावाच्या वेशीजवळ मोठा कडुलिंब आहे, त्याच्या खाली अजुजी न्हावी बसतो. माझी चूल समोरच. सकाळभर मी चवळीचे वडे तळते, तो लोकांच्या डोया करतो, आणि दोघांची तोंडं चालू असतात. त्याच्या वस्तऱ्याखाली माणसं झोपतात. मी थापा मारत नाही. परवा एक ट्रकवाला पोरगा आला, बसता बसताच रस्त्यातल्या खड्ड्यांना शिव्या घालत होता. अजुजीने त्याच्या डोक्याला पाणी चोळलं, वस्तऱ्याचा पहिला हात फिरवला, आणि गडी घोरायला लागला. डोई झाल्यावर अजुजी त्याला हलवणार होता, मी लांबूनच खूण केली, राहू दे.

इतकी वर्षं बघतेय, तरी मला अजून त्याचं नवल वाटतं. कारण हा हात मी अगदी पहिल्या दिवसापासून पाहिलेला आहे. तेव्हा या हातात मी माझी शेळीसुद्धा दिली नसती.

अजुजी मूळचा कानो शहराचा. आम्ही झारियावाल्यांनी कानोवाल्यांना वाटेल ते बोलावं, त्यांनी आम्हाला बोलावं, आणि कुणी राग धरू नये, अशी पूर्वापार रीत आहे. ती मी कधी मोडलेली नाही. त्या काळी कानोत शेंगदाण्याच्या पोत्यांचे डोंगर रचत. अजुजी पाठीवर पोतं घेऊन त्या डोंगरांवर चढायचा. एकदा वरून घसरला, मांडीचं हाड मोडलं, सांधलं ते आखूड. लंगड्या हमालाला कोण ठेवून घेणार? त्याची बायको दिजे, आमच्या कोराऊबाबांची एकुलती एक लेक. तिने चटया, भांडी आणि नवरा असं सगळं लॉरीत घातलं आणि बापाच्या गावी आणलं.

कोराऊबाबा म्हणजे या कडुलिंबाखालचे मूळचे न्हावी. त्यांचा बाप इथेच बसायचा, आजा इथेच. वस्तरासुद्धा आज्याचाच होता, लोहाराने ठोकून केलेला, धार लावून लावून अर्धा झिजलेला. बाबा तो धारेसाठी चामड्याच्या चामोट्यावर फिरवायला लागले की माझ्यासमोरची गिऱ्हाइकं वडा तोंडाशी धरून ऐकत राहायची. माझ्या नवऱ्याची शेवटच्या आजारातली डोई बाबांनीच केली. त्याच्या अंगाला वारा लागलेलासुद्धा सोसत नव्हता, पण वस्तरा फिरत असताना तो पडून हसत होता. असा हात मी दुसरा पाहिला नव्हता.

त्याच हाताला कंप सुटला. आधी पेजेची वाटी हलायला लागली. वस्तरा घेतला की कंप थांबायचा, म्हणून लोकांच्या लक्षात आलं नाही. पण बाबांच्या लक्षात आलं असणार, कारण त्यांनी एके दिवशी जावयाला कडुलिंबाखाली आणून बसवलं.

बाजार हसून हसून लोळला. आमच्या भाषेत अजुजी म्हणजे उकिरडा. ज्या बाईची मुलं जगत नाहीत, ती पुढचं मूल उकिरड्यावर नेऊन ठेवते, शेजारीण ते उचलून आणते, आणि तेच नाव पडतं. टाकून दिलेल्याकडे मृत्यू ढुंकून बघत नाही, असं आम्ही मानतो. अशा मुलाची डोईही अर्धीच करतात, म्हणजे ते आणखी बेढब दिसतं. अजुजी तसा जगलेला. तेव्हा मी म्हणाले, "न्हाव्याचा उकिरडा उकरावा तितके केस निघतात म्हणे. आमच्या बाबांनी उकरला, तर त्यातून जावई निघाला."

अजुजी खाली बघून म्हणाला, "मावशी, झारियात केस उगवतील एवढं खत कुठंय?"

तेव्हापासून आमचं जमलं. पण हात म्हणाल तर हात नव्हते ते, जात्याच्या तळ्या होत्या. पोती उचलून उचलून बोटांची कातडी इतकी जाड झाली होती की निखारा धरला तरी त्याला उशिरा कळायचं. वस्तरा धरायचा तो कुऱ्हाड धरल्यासारखा. अशा बोटांना धार कुठे आहे ते कळणार कसं?

बाबांनी त्याला पपई दिली. कच्ची, हिरवी पपई मांडीवर घ्यायची, तिला साबणाचा फेस फासायचा आणि तो वस्तऱ्याने उतरवायचा. पपई खोटं बोलत नाही. जरा धार लागली की पांढऱ्या चिकाचा थेंब वर येतो. अजुजीची पहिली पपई बाभळीच्या झाडाखालून ओढत आणल्यासारखी दिसत होती. नुसती गळत होती.

"मेली बिचारी," मी म्हणाले. "दफनाला लोक बोलवू का?"

"तुमच्या वड्यांवर हात बसवला असता, मावशी. पण वस्तऱ्याचे दात पडतील."

दुखावलेल्या पपया माझ्या कालवणात जायच्या, म्हणून माझी काही तक्रार नव्हती. हळूहळू मला दिसायला लागलं की त्याने मूठ सैल सोडलीय. मग मनगट सैल पडलं. दिवसातून कितीदा तरी हात कोमट पाण्यात बुडवून बसायचा आणि दगडाने कातडी घासायचा. स्वतःच्या पिंढऱ्या त्याने भादरून टाकल्या, मग बायकोच्या शेळीची पाठ. दिजे म्हणाली, "आता घरात केस असलेली मी एकटीच उरलेय, मावशी. मी दाराला कडी लावून झोपते."

आणि एका सकाळी, धुळीचे वारे सुटले होते तेव्हा, मी वडे उलटताना समोर बघितलं. वस्तरा पपईच्या कडेवरून खाली गेला. त्याने पपई फिरवली, पुन्हा वस्तरा गेला. फेस उतरला आणि आतून हिरवीगार, कोरडी पपई निघाली. एक थेंब नाही. अजुजी तिच्याकडे बघत राहिला आणि मीही बघत राहिले. 

आता अडचण खरी पुढेच होती. या धंद्याचा नियम असा की शिकणाऱ्याचं पहिलं डोकं गुरूचं. आमच्याकडे म्हणतात, न्हाव्याला दुसऱ्याचा वस्तरा सोसत नाही. मग ज्याने स्वतःचं डोकं शिष्याच्या हातात दिलं नाही, त्याच्या शिष्यापुढे गावाने का बसावं? पण इथे गुरू म्हणजे सासरा. आमच्यात जावई सासऱ्यासमोर जेवत नाही, त्याच्या डोळ्यांना डोळा देत नाही, तो बसला असेल तर उभा राहत नाही, लांबूनच गुडघे टेकतो. त्याच्या डोक्याला हात लावणं तर सोडाच. हे दोघे एका झाडाखाली शिकवणी करायचे, ती एकमेकांना अर्धी पाठ करून. बाबा कडुलिंबाला सांगायचे, "ज्याच्या हातात वस्तरा आहे, त्यानं कोपर खाली आणावं." अजुजी पपईला सांगायचा, "आणलंय म्हणावं." बाजारात कुणालाही यात हसण्यासारखं वाटत नव्हतं. सासरा-जावयाचं तसंच असतं.

त्यामुळे अजुजी पपयाच करत राहिला. बाबा एका शब्दाने घाई करत नव्हते आणि तो एका शब्दाने विषय काढत नव्हता. पावसाळा येऊन गेला.

त्याच सुमाराला माझ्या लेकीचे, लाराबाचे, दिवस भरत आले. तिची तीन मुलं गेली होती. तिघांचीही डोई सातव्या दिवशी, नाव ठेवताना, कोराऊबाबांनी केली होती, तिघंही गुटगुटीत दिसत होती, आणि एकालाही बोलता येण्याइतकं वय मिळालं नाही. या खेपेला मी तिला नवऱ्याच्या घरून माझ्याकडे आणलं. मुलगा झाला. सुईण त्याला माझ्या हातात द्यायला लागली तर मी म्हणाले, "ठेव ते चिंध्यांचं बोचकं तिकडे." कुणी बघायला आलं की सांगायची, "बघायचंय काय त्यात? उंदीर आहे." न्हाऊ मीच घालायची, पण तोंडाकडे बघायची नाही. लाराबा पाजायची आणि भिंतीकडे बघायची. आम्ही मायलेकी त्या दिवसांत एकमेकींशीही धड बोलत नव्हतो. माया दिसली की मृत्यूला वास लागतो, हे तिला मी शिकवलेलं आणि मला माझ्या आईने.

मी कडुलिंबाखाली गेले. म्हणाले, "बाबा, नाव ठेवायच्या दिवशी सकाळी या. डोई अर्धीच करायची आहे. एक बाजू तशीच राहू दे."

कोराऊबाबांनी वस्तरा उचलून माझ्यासमोर धरला. हात हलत होता. वस्तऱ्यासकट.

"गेल्या जुम्म्याला मौलवींच्या कानामागं लागला," ते म्हणाले. "ते काही बोलले नाहीत. म्हणून जास्त लागलं. ताबावा, तुझ्या नातवाची डोई आता अजुजी करेल."

 मी रागाने म्हणाले, "बाबा, तुमचं डोकं ठिकाणावर आहे ना? त्यानं अजून एक माणूस केलेला नाही. पपईची टाळू उडत नसते."

"मग उद्या माणूस करेल," बाबा म्हणाले. "उद्या इथंच. माझं डोकं."

अजुजी चार हातांवर बसला होता. त्याच्या मांडीवरची पपई खाली पडली.

दुसऱ्या दिवशी बाजार भरला तो कडुलिंबाखालीच. बाबा बुटक्या तिवईवर बसले, टोपी काढून मांडीवर ठेवली. पिकलेले, दाट केस. अजुजी धुतलेला झगा घालून आला. पाणी चोळलं, साबण चोळला, सगळं तोंड वळवून. आणि वस्तरा घ्यायची वेळ आली तेव्हा तो खाली गुडघ्यांवर बसला.

सासऱ्याच्या डोक्यावर उभा कसा राहणार? कुठल्या जावयाने असं केलं असतं? पण गुडघ्यांवर बसून बसलेल्या माणसाची डोई होत नाही. हात वर धरावा लागतो, वस्तरा खालून वर जातो, केसांच्या उलट, आणि धार कुठे टेकलीय ते दिसत नाही. बाबा कडुलिंबाला म्हणाले, "उभं राहावं." अजुजीने ऐकून न ऐकल्यासारखं केलं. तरी उजवी बाजू त्याने उतरवली. कशी ते त्यालाच ठाऊक. दंड थरथरत होते, घाम गळत होता. मग माथ्यावरून डावीकडे वळताना वस्तरा कलला.

रक्ताची बारीक रेघ कानामागून निघाली आणि बाबांच्या पांढऱ्या झग्यावर उतरली. बाबा हलले नाहीत. पण अजुजीला सासऱ्याचं रक्त दिसलं. त्याने वस्तरा फडक्यावर ठेवला, तोही नीट, धार आत करून, आणि गर्दीतून लंगडत पळत सुटला.

लोक हसले, मग गप्प झाले. मी मात्र गप्प बसले नाही. तो गेला त्या दिशेला बघत मी त्याची बिनपाण्याने हजामत केली. माझा नातू, आणि हा हात त्याच्या टाळूवर? त्याच दुपारी तुदुन वाडा वस्तीतल्या एका न्हाव्याला निरोप धाडला, नाव ठेवायच्या दिवशी सकाळी ये म्हणून.

बाबांनी जखमेवर तुरटी दाबली. शेजारचा खोगीरवाला उठून म्हणाला, "बाबा, उरलेलं मी उतरवतो, द्या इकडे." बाबा म्हणाले, "ज्यानं सुरू केलंय, तो संपवेल."

आणि ते तसेच बसले. तो सगळा दिवस आणि दुसरा दिवसही. अर्धं डोकं चकचकीत, अर्ध्यावर पांढरं जंगल. एवढा मोठा माणूस, गावाने ज्याला वाकून सलाम करावा, तो भर बाजारात उघड्या डोक्याने बसला होता.

मी म्हणाले, "निदान टोपी तरी घाला, बाबा."

"डोई पुरी झाल्याशिवाय टोपी कशी घालू?"

येणारे-जाणारे थांबायचे. एक खाटीक म्हणाला, "काय बाबा, या वयात अर्ध्या डोक्याचे झालात? आईनं उकिरड्यावर ठेवलं होतं वाटतं?"

"ठेवलंय खरं," बाबा म्हणाले. "येईल कुणीतरी उचलायला."

खाटीक हसला नाही. मी वडे तळत होते, पण माझं लक्ष पुन्हा पुन्हा त्या डोक्याकडे जात होतं. मला आधी राग आला होता, आता भीतीसारखं काहीतरी वाटायला लागलं. माणूस इतका लाजेबाहेर कसा जाऊ शकतो? तेही एका कानोच्या हमालासाठी?

दिजे वडे न्यायला आली. डोळे सुजलेले. म्हणाली, "जेवत नाहीत, मावशी. म्हणतात, त्यांच्या डोक्यावर उभा राहू तरी कसा? मी म्हटलं, ते बसलेत तिकडं उघड्या डोक्यानं, साऱ्या गावासमोर. तुमची लाज मोठी की त्यांची?"

"मग काय म्हणाला?"

"उठून हात धुवायला गेले."

नाव ठेवायच्या आदल्या दिवशी, उन्हं जरा चढल्यावर, अजुजी आला. बाजाराच्या कडेलाच गुडघे टेकून बसला. बाबांनी त्याच्याकडे बघितलं नाही. त्यांनी तिवई बाजूला सारली, चटई अंथरली आणि तिच्यावर उताणे झाले. गळ्यातलं पांढरं फडकं उलगडून तोंडावर घेतलं. मग फडक्याखालून आवाज आला.

"ताबावा, कुणी विचारलं तर सांग, दिजेचा बाप घरी गेला. इथं एक डोकं ठेवलंय. कुणाचं ते मला माहीत नाही."

"सांगते," मी म्हणाले. 

अजुजी उठला. आखूड पाय एका बाजूला पसरून तो त्या डोक्यामागे बसला. आता तोंड नव्हतं, डोळे नव्हते, सासरा नव्हता. त्याने वाळलेला साबण धुऊन काढला आणि केस पाण्याने इतका वेळ चोळले की मला वाटलं हा आता उठून जाणार. मग डाव्या हाताच्या बोटांनी कातडी ताणली. तीच ती निखाऱ्यालासुद्धा दाद न देणारी बोटं. ती डोक्यावरून हळूहळू सरकत होती आणि काहीतरी शोधत होती. वस्तरा टेकला. त्याने तो दाबला नाही, ढकललाही नाही. वस्तऱ्याचं स्वतःचं जेवढं वजन, तेवढंच त्याने चालू दिलं. पांढऱ्या केसांचा एक पट्टा उतरून चटईवर पडला. खाली कातडी स्वच्छ होती. त्या दिवशीच्या जखमेची खपली आली तेव्हा वस्तरा तिच्या कडेकडेने गेला, तिला न दुखवता, जसं आपण झोपलेल्या मुलाला ओलांडतो.

 मला वाटलं बाबा श्वास रोखून पडले आहेत. मग तोंडावरचं फडकं वर झालं, खाली झालं, आणि त्याखालून घोरणं ऐकू आलं. न्हाव्याला दुसऱ्याचा वस्तरा सोसत नाही म्हणतात, आणि कोराऊबाबा वस्तऱ्याखाली झोपले होते.  वडे कढईत काळे पडले, सगळेच्या सगळे, ते मला वास सुटल्यावर कळलं.

डोई झाली तेव्हा बाबा उठायच्या आत अजुजी मागे सरकला आणि लांब जाऊन गुडघे टेकून बसला. बाबांनी उठून डोक्यावरून हात फिरवला. हात थरथरत होता, सगळ्या डोक्यावरून फिरून आला. ते कडुलिंबाला म्हणाले, "उद्या ताबावाकडं जायचं आहे. वस्तरा आज रात्री चामोट्यावर घालून ठेवावा." आणि टोपी घातली.

तुदुन वाडाच्या न्हाव्याला मी येऊ नको म्हणून कळवलं. पण अर्ध्या डोईचा हट्ट मी सोडला नव्हता.

सकाळी माझ्या घरासमोर माणसं जमली. मेंढा बांधलेला होता, सुपारीसारख्या चघळायच्या कोलाच्या बिया पाहुण्यांना दिल्या जात होत्या, मौलवी आले होते. देवडीत मी भिंतीला टेकून बसले आणि बाळ मांडीवर घेतलं. आतल्या पडद्यामागे लाराबा. बाबा आले आणि कोपऱ्यात भिंतीकडे तोंड करून बसले, म्हणजे जावयाला संकोच नको. अजुजी माझ्यासमोर गुडघ्यांवर बसला. इथे गुडघेच हवे होते. मांडीवरच्या बाळाचं डोकं त्याच्या छातीच्या बरोबर समोर आलं.

मी बाळाचं डोकं तळहातात धरलं होतं, बघत होते अजुजीच्या हाताकडे. टाळू माझ्या बोटांजवळ उडत होती. पातळ कातडीखाली, आत कुणी दार ठोठावत असावं तशी. त्याने पाणी लावलं. बाळाने ओठ हलवले, पण जागं झालं नाही. वस्तरा आला. खरं सांगते, मला हाताला काहीही लागलं नाही. ना ओढ, ना दाब. डोळ्यांना दिसत होतं की काळे ओले केस उतरताहेत, आणि हाताला मात्र फक्त ती टाळू. पोत्यांचे डोंगर चढलेला हात तिच्यावरून गेला आणि तिचा एक ठोका चुकला नाही.  मी मनात अल्लाचं नाव घेत होते.

एक बाजू झाली. अजुजी थांबला.

"मावशी, अर्धं झालं. पुसून देऊ, की वळवता?"

"ठरलंय ना," मी म्हणाले. "अर्धंच."

त्याने वस्तरा पाण्यात धुतला. फडक्याने पुसला. मग खाली बघतच म्हणाला, "माझ्या आईनं अर्धंच ठेवलं होतं. मी जगलो, बघताय ना. पण तिनं कधी जवळ घेतलेलं मला आठवत नाही. मृत्यूला कळू नये म्हणून. मग मी मोठा झालो, मृत्यू विसरून गेला, पण तिला त्याची सवयच पडली. पोती उचलायला शहरात निघालो तेव्हासुद्धा ती भिंतीकडं बघत होती."

एवढंच बोलला.  कोपऱ्यात बाबांच्या टोपीखालची मान दिसत होती, दोन्हीकडून सारखी. दोन दिवस ते अर्ध्या डोक्याने बसले होते, ते काही लपायला नव्हे. ज्याने यायला हवं त्याला लांबून दिसावं म्हणून.

मी हात बाळाच्या मानेखाली सरकवला आणि त्याला वळवलं. वळवताना त्याच्या तोंडाकडे बघावंच लागलं. सात दिवसांत पहिल्यांदा मी नातवाला पाहिलं. नाक माझ्या नवऱ्याचं. अगदी तसंच, टोकाला जरा बसकं. मला हसूही आलं आणि रडूही.

"लाराबा," मी मोठ्याने हाक मारली, सगळ्या अंगणाला ऐकू जाईल अशी, "ये गं, बघ. नाक तुझ्या बापाचं आहे." पडदा हलला आणि ती येऊन माझ्या खांद्याला चिकटून बसली.

अजुजी वस्तरा धरून थांबला होता.

"कर," मी म्हणाले. "पुरी कर. आणि सावकाश कर, कानोवाल्या. आम्हाला बघायचंय त्याला."

परवा कडुलिंबाखाली घोरत पडला होता तो ट्रकवाला म्हणजे हाच माझा नातू. उन्हं चेहऱ्यावर येईपर्यंत मी त्याला उठवू दिलं नाही. वडे तळता तळता बघत बसले होते.